सुटीच्या दिवशीची पोटदुखी

७ जुलै १९९८

स्नेहाला आज पुन्हा दुखले. दुपारचे जेवण आटोपून मी वर्तमानपत्र उघडले होते, तोच स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिले तर सूनबाई ओट्याला टेकून खाली बसलेली, हात उजव्या बरगडीखाली. "अण्णा, तेच," एवढेच म्हणाली. मी पाण्याचा पेला पुढे केला व बाहेर येऊन बसलो. सासऱ्याने याहून अधिक काय करावयाचे असते, हे मला ठाऊक नाही. हे काम सासूचे, म्हणजे सरूचे, होते.

सरू असती तर — परंतु हे वाक्य पुरे न करण्याचा मी नियम केला आहे.

संध्याकाळी धम्मपाल अंबडहून, कारखान्यातून आला, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "आज पुन्हा?" "हो." "गोळी घेतलीस?" "घेतली." नवराबायकोचे या विषयावरील संभाषण आता इतके आखूड झाले आहे.

९ जुलै

पित्ताशय गेल्या दिवाळीनंतर काढले. दुर्बिणीतून, पोटावर बारीक छिद्रे पाडून. निघालेले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले. धम्मपालने ती बाटली शोकेसमध्ये, त्याच्या कबड्डीच्या ढालीशेजारी मांडली. येणारा-जाणारा ती उचलून हलवून पाहत असे. "अरे बापरे, एवढे होते?" त्या काळात स्नेहाच्या दुखण्यावर कोणी शंका घेतली नाही. पुरावा खुळखुळत होता.

आता दुखणे तेच आहे, जागाही तीच. पुरावा मात्र नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनी रक्त तपासले, निर्दोष. सोनोग्राफीचा कागद पाहून म्हणाले, "नळी थोडी मोठी दिसते, पण पित्ताशय काढल्यावर तेवढी होते." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "गॅस आहे. थोडा मनाचाही भाग असतो, साहेब."

१२ जुलै

स्नेहा काल नामपूरला गेली. विश्रांतीसाठी. तिचा चुलतभाऊ घ्यायला आला होता.

आज शेजारच्या चिमणाबाई वाटीभर कढी घेऊन आल्या. घर रिकामे पाहून म्हणाल्या, "गेली का माहेरी? आता बघा, तिथं तिचं पोट एकदम ठणठणीत. माझ्या धाकट्या नणंदेचं असंच होतं. बस स्टँडवर पाय ठेवला की दुखणं बंद."

मी म्हणालो, "कढीबद्दल आभारी आहे."

परंतु त्यांचे बोलणे मनात राहिले, कारण तो विचार माझाच होता. शाळेत मुख्याध्यापक असताना पोटदुखीची रजा मागणारी मुले रोज समोर उभी राहत. माझी एक साधी कसोटी होती: सुटीच्या दिवशीही दुखते का? रविवारी न दुखणारे, दिवाळीत न दुखणारे पोट सोमवारी गणिताच्या तासाला दुखते, ते खरे नव्हे. ही कसोटी मी शिक्षकांनाही शिकवली. बहुधा ती बरोबरच ठरे.

नामपूर ही स्नेहाची सुटी. तेथे तिला दुखत नाही. तिची आई प्रत्येक वेळी फोनवर हेच सांगते.

यावरून जो निष्कर्ष निघतो, तो लिहिताना मला संकोच होतो. धम्मपालला असा संकोच नाही. काल जेवताना म्हणाला, "अण्णा, तिला या घरात करमत नाही. आई गेल्यापासून तर जास्तच. सरळ सांगत नाही, म्हणून पोट दुखतं."

"तसे तिने म्हटले काय?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

१३ जुलै

वरण करपले. धम्मपालने तसेच खाल्ले.

१९ जुलै

रविवार. धम्मपाल दुपारी झोपला आहे. आज त्याने नवी गोष्ट काढली: स्नेहाला नामपूरलाच राहू द्यावे. "दिवाळीपर्यंत राहू दे. तिकडे बरी असते ना? मग राहू दे तिकडेच." हे त्याने रागाने म्हटले असते तर मी दटावले असते. तो थकून म्हणाला. एखादे दालन कुलूप लावून बंद करावे, तसे.

त्याच्या अशा बोलण्याला उत्तर द्यायला सरू होती. दिवाळीपर्यंत म्हणून माहेरी ठेवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कोणती दिवाळी, ते कोणी बोललेले नसते.

सरूविषयी एक गोष्ट येथे लिहून ठेवतो, म्हणजे ती वारंवार मनात येणार नाही. तिच्या पोटात गाठ आहे हे तिने प्रथम मला नव्हे, सुनेला सांगितले. स्नेहाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी सरू इस्पितळात तिच्यापाशी राहत होती. खाटेवरच्या आजारी मुलीला तिने सांगितले की माझेही पोट जड झाले आहे, दुखते, पण यांना बोलू नकोस. मला कळले ते डिसेंबरात, स्नेहाने शेवटी न राहवून सांगितले तेव्हा. फेब्रुवारीत सरू गेली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभराने फारसा फरक पडला नसता. मी तपासून पाहिले आहे, ते खरे आहे.

म्हणून प्रश्न औषधोपचाराचा नाही. इतकी वर्षे एका ताटाशेजारी ताट मांडून जेवलेल्या माणसाला ती परकी समजत होती, हा आहे.

स्नेहाशी मी तुटक वागतो, असे धम्मपालला वाटते. त्याचे कारण मी त्याला सांगितलेले नाही.

२५ जुलै

उद्या नामपूरला जातो. धम्मपाल म्हणाला, "माझी शिफ्ट आहे. आणि मला नाही वाटत तिला आणायला हवं." मी म्हणालो, "मग मी तिला विचारून येतो. तुझ्यातर्फे नव्हे, माझ्यातर्फे." घरातील माणसाचा निकाल त्याच्या गैरहजेरीत लावणे योग्य नव्हे.

२७ जुलै

काल सटाण्याला एस.टी. बदलून दुपारी नामपूरला पोहोचलो. स्नेहाचे वडील भिका हे कांदा मार्केटात मापारी आहेत. स्टँडवर येऊन थांबले होते. "जयभीम, गुरुजी. उन्हाचं कशाला निघालात?" हातातली पिशवी त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

भिमाबाईंनी जेवण वाढले. भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, भरीत, त्यावर वरून तेल. स्नेहाला त्या वाढतच होत्या. "खाय, खाय. तठे कोण वाढस तुले?" आणि मला, "आठे तिले काहीच व्हत नई, गुरुजी. पोर बरी शे. तुम्हना नाशिकना पानीच खराब."

भिका हसले. "पाण्यावर कशाला जातीस? तुझं तेल बघ आधी."

स्नेहाही हसली. तिने सगळे खाल्ले. मी पाहत होतो व माझी कसोटी बरोबर ठरत होती.

जेवणानंतर भिका मार्केटात गेले, भिमाबाई आडव्या झाल्या. स्नेहा म्हणाली, "मी चाळीतले सडके कांदे काढून येते." घरामागे कांदे साठवण्याची लहानशी चाळ आहे. बराच वेळ ती परतली नाही. मला तिच्याशी एकटीशी बोलावयाचे होते, म्हणून मी तिकडे गेलो.

ती चाळीच्या जाळीला पाठ लावून उकिडवी बसली होती. पदराचा बोळा दातांत धरलेला. घामाने केस कपाळाला चिकटलेले. मागेपुढे झुलत होती, आवाज मुळीच नव्हता. कांद्यांचा कुजका वास एवढा होता की निरोगी माणसाला तेथे उभे राहवत नव्हते. तेथे कोणी येणार नाही म्हणूनच तिने ती जागा निवडली होती.

मला पाहून तिने तोंडातला पदर काढला. "आईला सांगू नका."

मी खाली बसलो. कांद्यांच्या सालांवर, धोतरानिशी.

बोलण्याइतकी झाल्यावर ती म्हणाली, "इथं नेहमीच दुखतं, अण्णा. इथं तर जास्त. आईचं तेल." आणि हसण्याचा प्रयत्न केला. "पण इथं सांगता येत नाही. आमची थोरली संध्याताई पोटातच दुखतं म्हणता म्हणता गेली ना. कावीळ होती. मी सातवीत होते. मी पोट म्हटलं की आईचे हातपाय गळतात, आणि बाबा मार्केट सोडून उशाशी येऊन बसतात. मग त्यांचंच करावं लागतं मला."

"आणि आमच्याकडे सांगतेस ते?"

तिने पदराने घाम पुसला. "तुम्ही घाबरत नाही ना. पाणी देता आणि पेपर वाचायला बसता. बरं वाटतं."

२८ जुलै

विचारल्यावर ती येते म्हणाली. एस.टी.त शेजारी बसून आलो. मी तिला सांगितले की तुझ्या दुखण्यावर मी विश्वास ठेवला नव्हता. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माहीत आहे मला." त्यात राग नव्हता.

सोंग ती सासरी करीत नव्हती. सोंग माहेरी होते, बरे असल्याचे. आम्ही सर्वांनी नेमके उलटे वाचले. एवढी वर्षे हीच कसोटी लावून मी किती मुलांना वर्गात परत धाडले असेल, हा विचार टाळता येत नाही. परंतु तूर्त त्याचा उपयोगही नाही.

दुसरा विचार अधिक छळतो. माणूस दुखणे लपवतो ते परक्यापासून नव्हे. मग सरूने मला न सांगितल्याचा मी जो अर्थ लावला —

आज एवढे पुरे.

३१ जुलै

धम्मपालला चाळीतील प्रसंग सांगितला. तो उठला. मग आत जाऊन तिला म्हणाला, "मला सांगायचंस ना." "तुला सांगतच होते," ती म्हणाली. "तू गोळी देत होतास."

५ ऑगस्ट

पोटविकारतज्ज्ञ डॉ. मनोज कर्डक यांच्याकडे गेलो. तरुण आहेत. मला 'काका' म्हणतात. मी ते दुरुस्त केले नाही.

जुनी फाईल वाचून म्हणाले, "इथं लिहिलंय, माहेरी त्रास होत नाही."

स्नेहाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ती नोंद चुकीची आहे. मी स्वतः पाहिले आहे."

डॉक्टरांनी ती ओळ खोडली व कागदावर चित्र काढले. यकृतातून पित्ताची नळी निघते ती आतड्यात उतरते. उतरते तेथे स्नायूचे बारीक कडे असते. जेवण आले की ते सैल पडावे, पित्त वाहावे व पुन्हा मिटावे. "यांचं कडं आवळलेलंच राहत असावं. पित्ताशय होतं तोवर जादा पित्त त्यात थांबायचं. ती जागाच आता गेली. मग सगळा दाब नळीवर येतो, आणि कळ तीच, जुनी."

"म्हणजे शस्त्रक्रियेमुळे हे उद्भवले?"

"सांगता येत नाही. आधीपासूनही असेल, खड्यांच्या आड. खडे दिसले की पुढं कोण शोधतंय, काका."

त्या कड्याला ओडी असे नाव आहे. इटलीतल्या ज्या तरुणाने त्याचे वर्णन केले, तो तेव्हा विद्यार्थी होता म्हणे. ही माहिती मला उगाच आवडली.

मी विचारले, "रक्त निर्दोष आले, ते कसे?"

"कधी काढलं होतं?"

"सकाळी. उपाशीपोटी." स्नेहा म्हणाली.

"दुखत होतं?"

"नव्हतं."

"मग निर्दोषच येणार. कळ आली की काही तासांत रक्त द्यायचं. तेव्हा यकृताची एन्झाइम वाढलेली सापडतात, मग लगेच उतरू लागतात. एकदा सापडून भागणार नाही, दोनदा हवं."

जाता जाता त्यांनी घरातल्या गोळ्या पाहायला मागितल्या. धम्मपाल कारखान्याजवळच्या दुकानातून आणतो ती पट्टी स्नेहाने पर्समधून काढली. डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरे वाचली. "यात कोडीन आहे. हे आजपासून बंद. त्यानं हे कडं आणखी आवळतं."

संध्याकाळी धम्मपालने घरातील सगळ्या पट्ट्या गोळा केल्या व रस्त्याच्या टोकाच्या कचराकुंडीत स्वतः नेऊन टाकल्या. रात्री जेवला नाही.

११ ऑगस्ट

कडे सैल पाडणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आहेत. स्नेहाचे डोके दुखते व चेहरा लाल होतो. पोट मात्र शांत आहे.

१६ ऑगस्ट

पोट शांत राहिले नाही. आज रविवारी जेवणानंतर कळ आली. धम्मपाल घरी होता. रिक्षा आणण्यास धावला तो पायात एकच चप्पल घालून. इंदिरानगरातील लॅब बंद होती. शटर अर्धे खाली. आतल्या माणसाने मान वाकवून सांगितले, "उद्या या, उपाशी या."

मी म्हणालो, "उद्या दुखणार नाही."

त्याने शटर आणखी खाली ओढले. मी ते वाक्य पुन्हा उच्चारले, शाळेत प्रार्थनेच्या वेळी बोलत असे त्या आवाजात. त्याने शटर वर केले.

१७ ऑगस्ट

एन्झाइम दुपटीहून अधिक. कागद हातात घेऊन स्नेहा हसली, मग रडली. "अण्णा, हे आहे. खरंच आहे हे."

आजारी असल्याचा निर्वाळा मिळाल्याचा आनंद व्हावा, अशी वेळ आपण तिच्यावर आणली होती.

२० सप्टेंबर

दुसऱ्यांदाही सापडले. सोनोग्राफीत नळी पूर्वीपेक्षा रुंद आहे. डॉ. कर्डक म्हणतात, कड्याचा दाब मोजण्याचे यंत्र असते, पण ते मोजक्या ठिकाणीच. आणि येथे रक्त व नळी दोन्ही साक्ष देत असल्याने न मोजताही पुढे जाता येईल. मुंबईत तोंडावाटे दुर्बीण घालून त्या कड्याला छेद देतात. पोट उघडावे लागत नाही.

मी तोटे विचारले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. रक्तस्राव होऊ शकतो. शेजारच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि या विकारात ती इतरांपेक्षा अधिक जणांना येते. बहुधा थोडक्यात निभावते, क्वचित जिवावर बेतते. "आणि एवढं करूनही सगळ्यांचं दुखणं थांबत नाही, काका. बऱ्याच जणांचं थांबतं. काहींचं काही काळ."

धम्मपाल म्हणाला, "नको. गोळ्या चालू ठेवू."

स्नेहा म्हणाली, "मला करायचं आहे."

"जिवावर बेततं म्हणालेत ते."

"पोट माझं, मग तुझ्या का पोटात दुखतंय?" ती म्हणाली. मला उठून बाहेर जावे लागले; हसू आवरत नव्हते. सरू गेल्यानंतर प्रथमच.

४ ऑक्टोबर

मुंबईला जाण्याचे ठरले. तिच्या आईवडिलांना कळवावे, असे मी म्हणालो. कोणाच्या मुलीला त्यांना न सांगता अशा धोक्यात नेणे अनुचित आहे. स्नेहाने हात जोडले. "झाल्यावर सांगा. बरी होऊन मीच सांगीन. अण्णा, शब्द द्या." मी दिला. तो देताना मला ठाऊक होते की मी चूक करीत आहे.

१३ ऑक्टोबर, मुंबई

काल छेद दिला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, व्यवस्थित झाले, पित्त धारेने आले. धम्मपालने मला मिठी मारली. तशी त्याने यापूर्वी केव्हा मारली होती, ते आठवत नाही.

आज पहाटेपासून तिला वेगळेच दुखते आहे. पोटाच्या मध्यभागी, थेट पाठीपर्यंत. उलट्या. स्वादुपिंडाला सूज आली आहे. तोंडाने पाणीसुद्धा बंद.

१४ ऑक्टोबर

वाढले आहे. तिला वेगळ्या विभागात हलवले. डॉक्टर आता 'बहुधा' हा शब्द वापरत नाहीत.

इस्पितळासमोरच्या एस.टी.डी. बूथवरून नामपूरला फोन केला, भिकांच्या शेजाऱ्यांकडे. दिलेला शब्द मोडला. शेजाऱ्यांनी भिकांना बोलावून आणले. मग भिका म्हणाले, "निघतो, गुरुजी." एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही.

१५ ऑक्टोबर

भिका व भिमाबाई सकाळी आले. भिमाबाई मुलीजवळ काही वेळ बसल्या, बाहेर आल्या, आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या.

"पोरनी सांगं नई, ती पोर शे. पन तुम्ही गुरुजी शेतस ना? तुम्हले बी सांगता नई उनं?"

भिका म्हणाले, "अगं, राहू दे ना आता."

"काब्र राहू देवानं? एक पोर आशीच गई मनी. दुसरीनं बी माले मांगेतून समजावं का?"

एक मुलगी न कळता गेली. दुसरीचेही मागाहूनच कळायचे काय. मी म्हणालो, "आपले बरोबर आहे. मी चुकलो."

मग त्यांनी पिशवीतून भाकरी काढली व माझ्या हातात ठेवली. "खाई ल्या. तोंड कसं व्हयनं ते दखा."

१६ ऑक्टोबर

जे घडले ते लिहिणे भाग आहे. आज दुपारी मला आत जाऊ दिले. ती डोळे मिटून होती. नाकात नळी, हाताला नळी, ओठ पांढरे. याच वर्षी फेब्रुवारीत मी अशाच एका खाटेशेजारी असाच बसलो होतो, आणि तेव्हा मी ताठ राहिलो होतो. नर्सला वेळ विचारला होता. कागदांवर सह्या केल्या होत्या.

आज मी रडलो. आवाज करून. खाटेच्या लोखंडी कठड्यावर डोके टेकून. "मला सोडून जाऊ नकोस," असे मी म्हणत होतो. कोणाला म्हणत होतो, ते नीट सांगता येणार नाही.

मान वर केली तेव्हा स्नेहाचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे पाहत होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने बोटे हलवली. तिला हवा असेल म्हणून मी रुमाल पुढे केला; तो तुम्हीच वापरा, असे तिने नजरेने सुचवले.

१८ ऑक्टोबर

ताप उतरला.

२२ ऑक्टोबर

घोटभर पाणी पचले. डॉक्टरांनी पुन्हा 'बहुधा' म्हटले.

२ नोव्हेंबर, नाशिक

घरी आलो. भिमाबाई बरोबर आल्या आहेत व स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. स्नेहाने तेलाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. भिमाबाईंनी स्टुलावर चढून तो खाली घेतला. दोघींचे त्यावर भांडण झाले. धम्मपाल मध्ये पडला, तर दोघींनी मिळून त्यालाच बाहेर काढले.

६ डिसेंबर

सकाळी वंदनेला जाऊन आलो. स्नेहा सोबत होती, चालत. दुपारी व्यवस्थित जेवली. अजून कळ आलेली नाही.

१९ फेब्रुवारी १९९९

सरूच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींनी वंदना घेतली. भिका-भिमाबाई आले होते. चिमणाबाई नेहमीप्रमाणे कढी घेऊन आल्या, आणि स्नेहाला पाहून म्हणाल्या, "सासर मानवलं बाई तुला शेवटी." स्नेहा म्हणाली, "हो ना काकू. तुमच्या धाकट्या नणंदेसारखा बस स्टँड नाही गाठावा लागला." ती गोष्ट मीच तिला सांगितली होती; चिमणाबाईंना उमगायला वेळ लागला.

पत्रिकेवर सरूच्या नावाआधी दिवंगतांसाठीचा 'कालकथित' हा शब्द छापावा लागला. वर्षभर मी तो शब्द तिच्या नावाआधी लिहिला नव्हता. आज पाहुणे गेल्यावर तो एकदा स्वतःच्या हाताने लिहून पाहिला.

स्नेहाला विचारले, "इस्पितळात ती तुला नेमके काय म्हणाली होती?"

ती ताटे पुसत होती. थांबली. "त्या म्हणाल्या, यांना सांगितलं की हे दिसायला ताठ राहतील. पण मग यांचं कोण बघणार. तू आधी बरी हो म्हणाल्या, म्हणजे घरात एक तरी माणूस उभं असेल."

परकेपणा यात नव्हता. वर्षभर मी ते दुखणे उगाच सांभाळले. हे मला वाचता यायला हवे होते. वाचन हा माझा व्यवसाय होता.

१४ मार्च

स्नेहाने अंड्याची बुर्जी केली, तिनेही खाल्ली. काही झाले नाही. धम्मपालने तिसऱ्यांदा वाढून घेतली.

४ एप्रिल

रविवार. जेवण झाले. स्नेहा मोरीत पाठमोरी बसून घासलेलेच पातेले पुन्हा घासत होती. मी दारात उभा राहून विचारले, "काय होते आहे?"

"कुठं काय, अण्णा." आवाज मोकळा, हसरा, नामपूरला जेवताना होता तसाच. "तुम्ही पेपर वाचा ना."

तिने मान वळवली नाही. कानामागून घामाचा ओघळ उतरत होता.

धम्मपाल रिक्षा आणण्यास गेला आहे. दुखणे परत आले, याची मला भीती वाटते. आणि तिने ते मला सांगितले नाही, तिच्या आईला सांगत नसे तसे.